चंद्रव्वाच्या चालीचं माप

महादेवप्पा सिद्राम करजगी इंजिनेर झाला, पण त्याचे हात काही काळे होईनात, ही त्याच्या आईची पहिली तक्रार होती.

इंजिनेर म्हणजे काय, ते चंद्रव्वाला पक्कं माहीत होतं. ती ज्या मिलमध्ये अठरा वर्षं सूत गुंडाळत होती, तिथला फिटर कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला असायचा. त्यानं नाक खाजवलं की नाकही काळं. तो नुसता फिटर. मग इंजिनेर किती काळा असायला पाहिजे! आणि इथं म्हादू सकाळी पांढरा शर्ट घालून जात होता आणि संध्याकाळी तो पांढराच घेऊन परत येत होता.

"धुवायला सोपं हाय, तेवढं बरं," शेळगीत, त्यांच्या वस्तीतल्या नळावर, ती शेजारणींना सांगायची. "पण काम काय करतो ते इचारू नका. मलाबी ठावं न्हाय."

खरं तर तिला ठाऊक करून देण्याचा प्रयत्न महादेवप्पानं पुष्कळ केला होता. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हातात पडला तेव्हा त्याच्यापुढं तीन वाटा होत्या. एस.टी.च्या वर्कशॉपात ओळख निघत होती. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घरात येऊन पडला होता. आणि मोहोळच्या कल्लप्पामामाचं किराणा दुकान तर कायम उघडंच होतं. यातली एकही वाट न धरता त्यानं दोन वर्षं शिकवण्या करत काढली आणि १९७४ साली गावातल्या मिलनं 'वर्क स्टडी असिस्टंट पाहिजे' अशी जाहिरात दिली तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ज नेऊन दिला. ही मिल गावात 'मधली मिल' म्हणूनच ओळखली जायची. चंद्रव्वाही तिथंच.

मामा मोहोळहून मुद्दाम आला. लोडाला टेकून त्यानं उलटतपासणी सुरू केली.

"मशीन बांधणार हाईस का?"

"न्हाय मामा."

"मग दुरुस्त करणार?"

"न्हाय."

"मग इंजिनेर कशाचा रं तू?"

"कामाचा. माणसं काम कशी करतात ते बघायचं, मापायचं आन सोपं करायचं. त्याला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग म्हणतात."

मामानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "म्हंजे दुसरा काम करतोय ते बघत उभारायचं आन पगार घ्यायचा. आरं, माझ्या दुकानापुढं रोज धा जण ह्येच करतात की! फुकट!"

सगळे हसले, चंद्रव्वासुद्धा. महादेवप्पाही हसला, पण मनातली गोष्ट त्यानं मामाला सांगितली नाही. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी एका तासाला सरांनी फळ्यावर गवंड्याचं चित्र काढलं होतं. विटा जमिनीवर ठेवल्या तर गवंडी दिवसात हजार वेळा वाकतो. त्याच विटा कंबरेइतक्या फळीवर ठेवल्या तर एकदाही वाकत नाही. एवढंच. बाकीची पोरं घंटेची वाट बघत होती. महादेवप्पाला मात्र फळ्यावरचा गवंडी दिसतच नव्हता. त्याला दिसत होती पायाशी ठेवलेल्या बॉबिनच्या टोपलीकडं वाकणारी त्याची आई. संध्याकाळी घरी आली की भिंतीला पाठ लावून ती हळूहळू सरळ व्हायची. ती पाठ वाकायला नको म्हणून कुठलं शिक्षण असेल, तर ते हेच, असं त्या तासाला त्याच्या मनानं घेतलं.

मिलनं त्याला चार महिने पुण्याला शिकायला पाठवलं. तिथले शिकवणारे सर प्रत्येक शब्द घासूनपुसून, वाळवून मग बाहेर ठेवायचे. "हे बघा मंडळी. घड्याळ कुणालाही लावता येतं. पानाच्या गादीवरच्या माणसालाही लावता येतं. तुमचं खरं हत्यार म्हणजे डोळा. समोरचा कामगार सावकाश करतोय, की बेताचं, की घाईनं, हे डोळ्यानं ठरवायचं. बेताचं म्हणजे शंभर. निरोगी माणूस, सपाट रस्ता, हातात ओझं नाही, घाई नाही, रेंगाळणं नाही, तासाला तीन मैल. हा आपला शंभर. झोपेतसुद्धा दिसला पाहिजे!"

घाईनं करणाऱ्याला शंभराच्या वर आकडा द्यायचा, रेंगाळणाऱ्याला खाली. घड्याळातल्या वेळेला त्या आकड्यानं गुणलं की बेताच्या माणसाला किती वेळ लागेल ते निघतं. म्हणजे आकडा चुकला की सगळंच चुकलं.

मग सरांनी एका माणसाला हॉलमधून चालायला लावलं आणि आकडे लिहायला सांगितले. कुणी पंच्याण्णव लिहिलं, कुणी शंभर, कुणी एकशे पाच. महादेवप्पानं सत्तर लिहिलं.

"करजगी, तुम्ही काय पोलीस भरती घेताय का? चांगला चालतोय की हो तो."

"सर, मला वाटलं तो आजारी हाय."

हॉल खदखदला. पुढचे आठ दिवस पोरं एकमेकांना 'मला वाटलं तो आजारी हाय' असं अगदी सोलापुरी हेल काढून म्हणत होती. चार महिन्यांत महादेवप्पानं चालीचा आकडा घोकून घोकून बसवला, पण हातानं करायच्या कामाला घोकंपट्टी चालेना. प्रमाणपत्राबरोबर सरांनी शेरा दिला: निरीक्षण उत्तम, डोळा किंचित कडक. कडक म्हणजे चांगलाच, असं महादेवप्पाला वाटलं.

परत आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं आपल्या मनातलं काम करून घेतलं. वाइंडिंग खात्यात, म्हणजे बॉबिनवरचं सूत कोनावर गुंडाळायच्या खात्यात, त्यानं सुताराकडून लाकडी घोड्या करून घेतल्या आणि टोपल्या कंबरेच्या उंचीला आणल्या. खात्यात पाळीला चोवीस बायका होत्या. पहिल्या दिवशी त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. हात सवयीनं खाली जायचे आणि रिकामे वर यायचे. चौथ्या दिवशी अक्कम्मानं, म्हणजे त्या चोवीस जणींत सगळ्यांत थोरलीनं, चंद्रव्वाचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ह्यो तुझा इंजिनेर लई दिस आदी जन्मायला पायजे होता गं."

त्या दिवसापासून चंद्रव्वानं पांढऱ्या शर्टाबद्दल बोलणं सोडलं.

पण घोड्या करून देण्यासाठी मिलनं त्याला पुण्याला धाडलं नव्हतं. जानेवारीत मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. साहेब मुंबईचे, त्यांच्या बोलण्यात मराठी शब्द पाहुण्यासारखे यायचे, थोडं बसायचे आणि निघून जायचे. "सी, करजगी, घोडी-बिडी इज फाइन. आता रियल काम. वाइंडिंगला चोवीस बायका कशाला? किती पाहिजेत, सायंटिफिकली सांगा. मार्चअखेर तुमचं प्रोबेशन संपतं. रिपोर्ट चांगला आला तर परमनंट. ओके?"

महादेवप्पा फळी, कागद आणि स्टॉपवॉच घेऊन खात्यात गेला. त्याच्या गळ्यात घड्याळ बघून सगळ्यांत आधी जगदेवी ओरडली. जगदेवी त्यांच्याच गल्लीतली, दीड वर्षापूर्वी लागलेली, चोवीस जणींत सगळ्यांत नवी. "अण्णा, ते काय हाय? ताप मोजायचं का? आदी शब्बीरभाईला लाव. सकाळपासनं तापलाय!"

शब्बीर जॉबर, खात्याचा मुकादम, खरंच तापलेला होता. "ए छोकरी, कामकू लग! इंजिनेरसाब, इनकू मुंह नक्को लगाव. एक बात बोलो तो दस सुनाते."

सरांनी पुण्यात बजावून सांगितलं होतं की घड्याळ दिसलं की कामगार मुद्दाम हात संथ करतो, त्याला ओळखा. महादेवप्पा पंधरा दिवस तेच शोधत होता. पण एकीचाही हात संथ होईना. सूत तुटलं की पापणी लवायच्या आत गाठ, गाठ झाली की बॉबिन, बॉबिन संपली की दुसरी. त्याला बरं वाटलं. ह्या बायका खोटं करत नाहीत, असं त्यानं कागदाच्या कडेला लिहूनसुद्धा ठेवलं.

त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चंद्रव्वानं चोवीस डबे उघडायच्या आधी सगळ्यांना दम भरला होता. "ऐका गं. माझ्या म्हादूचं पयलं काम हाय. मोठ्या साहेबाफुडं कागद जाणार हाय. कुणी हात ढिला सोडला तर माझ्याशी गाठ हाय!"

"सुताची गाठ हाय का कसली?" जगदेवी म्हणाली.

"थट्टा करू नगं. पाठ सरळ केली की न्हाय त्यानं तुमची?"

केली होती. म्हणून बायका त्याच्यासाठी जीव तोडून हात चालवत होत्या. साहेबापुढं आपल्या पोराचा कागद झळकावा, म्हणून. आणि महादेवप्पा त्यांच्याकडं बघून लिहीत होता: शंभर. पंच्याण्णव. शंभर. एकशे पाच. आईच्या नावापुढंही त्यानं एकशे पाच लिहिलं. लोक म्हणतील, आईला झुकतं माप दिलं. त्यानं ते खोडून शंभर केलं.

बेरीज-भागाकार संपला तेव्हा आकडा आला सोळा.

त्यानं तीनदा करून बघितलं. सोळाच. म्हणजे आठ जणी जास्त. मिलचा नियम उलट्या क्रमाचा होता: शेवटी आलेली आधी जाणार. पहिलं नाव जगदेवी. चंद्रव्वाला धक्का नव्हता. तिच्या मागं कितीतरी जणी होत्या. महादेवप्पानं दोन दिवस तो कागद साहेबांकडं नेला नाही. पण घड्याळाला नातं नसतं, असं सर म्हणायचे. बुधवारी त्यानं कच्चा कागद साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी त्याच्यासमोरच मुंबईला फोन लावला आणि तारेपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं, "सिक्स्टीन! येस, येस, वन सिक्स!" मग फोन ठेवून म्हणाले, "शनिवारी सही करून फायनल द्या. वेल डन."

गुरुवारी सकाळी महादेवप्पाच्या सायकलची साखळी तुटली.

"चल की माझ्यासंगट," चंद्रव्वा म्हणाली आणि डबा काखेला मारून निघालीसुद्धा. लहानपणानंतर तो तिच्याबरोबर मिलपर्यंत कधी चालत गेला नव्हता. आधी शाळेची वेळ वेगळी, मग सायकल आली. रस्त्याला लागून शंभर पावलं झाली नाहीत तोच तो मागं पडला. गाठायला धावला. परत मागं पडला. चोवीस वर्षांचा पोरगा, आणि पंचेचाळिशी ओलांडलेली बाई काष्टा खोचून पुढं.

"अव्वा, जरा हळू की!"

"ह्ये हळूच हाय. भोंग्याला अजून लई येळ हाय."

किलोमीटरचा दगड आला. का कुणास ठाऊक, त्यानं खिशातलं घड्याळ काढलं आणि कळ दाबली. चंद्रव्वा बोलत होती, कुणाच्या म्हशीला काय झालं ते सांगत होती, समोरून येणाऱ्या भाजीवालीला कानडीत 'यल्ली होंटी?', कुठं निघालीस, म्हणून विचारत होती, आणि पाय त्याच लयीत पडत होते. पुढचा दगड आला. त्यानं कळ परत दाबली आणि बघितलं.

नऊ मिनिटं.

तासाला तीन मैलानं चालणाऱ्या माणसाला एका किलोमीटरला साडेबारा मिनिटं लागतात. हे त्यानं घोकलेलं होतं. भागाकार करायचीही गरज पडली नाही. पण उत्तर कळलं तसा तो रस्त्यातच उभा राहिला. निरोगी माणसाचं शंभर धरलं, तर त्याची आई एकशे अडतीस-एकोणचाळीसनं चालत होती. म्हशीच्या गोष्टी सांगत. आणि हेच तिचं हळू होतं.

पुण्याच्या हॉलमधला तो माणूस आजारी नव्हता. महादेवप्पानं जन्मल्यापासून बेतानं चालणारं माणूस जवळून बघितलंच नव्हतं. घरात भाकरी थापणारे, भांडी घासणारे, सूत गुंडाळणारे, वेणी घालणारे हात त्यानं बघितले ते एकाच बाईचे. त्याच हातांचं माप डोळ्यात घेऊन तो चोवीस जणींपुढं उभा राहिला होता. त्या जीव तोडून करत होत्या आणि त्याला ते घरच्यासारखं दिसत होतं. शंभर. म्हणूनच चोवीस जणींचं काम त्याच्या कागदावर सोळांत बसलं होतं.

"काय झालं रं? पायात काटा?"

"अव्वा, तू अशी कवापासनं चालतीस?"

"अशी म्हंजे?"

"येवढ्या जोरात."

चंद्रव्वा क्षणभर थांबली, पण पाय परत चालू झाले आणि बोलणं चालता चालताच आलं. "तुझा बा गेला आन मला बदलीत घेतलं, कुणी आली न्हाय तर तिच्या जागी, तवापासनं. आमी बदलीवाल्या गेटला उभारायचो. भोंगा झाला की मुकादम बोट दावायचा. तू, तू, तू, तू. ज्या फुडं त्या आत. मागं राहिली ती आल्या पावली घरी. आत गेलं तरी त्यो हाताकडं बघायचा. जिचा हात हळू तिला दुसऱ्या दिशी बोट न्हाय. सात वर्सं बदलीत काढली. मग कायम केलं. पण तवर पायाला कळलंच न्हाय की आता कायम झालो म्हणून."

ती हसली.

त्या दिवशी त्यानं कागदाला हात लावला नाही. त्याच्यापुढं सरळ हिशेब होता. शनिवारी सही केली तर नोकरी कायम, आणि चुकीचं माप जगात फक्त त्याला एकट्याला माहीत. सही केली नाही तर साहेबांच्या फोनवरचं 'वन सिक्स' खोटं पडणार, आणि ते खोटं पाडणाऱ्या प्रोबेशनवरच्या पोराला कोण ठेवून घेणार? एस.टी.ची जागा गेली होती. बँकेचा फॉर्म रद्दीत. मामा मात्र मोहोळात होता. आठ बायकांची नावं त्याला पाठ होती. त्यांतल्या पाच शेळगीच्याच.

शुक्रवारी सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, माझं माप चुकलंय."

"कुठला कॉलम?"

"कॉलम न्हाय साहेब. डोळा चुकलाय."

सगळं ऐकून घेतल्यावर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "करजगी, तुमची मदर त्या डिपार्टमेंटला आहे, हे मला माहीत आहे. शी इज सेफ. मग आता हे काय नवीन? आठ बायका रडत घरी आल्या का तुमच्या?"

"अजून कुणालाच ठावं न्हाय साहेब."

"मग मी कसं मानू? डोळा चुकला म्हणे. उद्या म्हणाल, नाक चुकलं."

"चालून बघा साहेब."

"कोण? मी?"

गोडाउनच्या दारापासून गेटपर्यंत महादेवप्पानं फीत लावली: एकशे वीस मीटर. बेताच्या माणसाला नव्वद सेकंद. साहेब आधी हसले, मग कोट काढून ठेवला आणि हात मागं बांधून नेहमीसारखे चालले. अठ्ठ्याऐंशी. शब्बीर जॉबरला चालवलं. "मेरेकू कैकू? मैं क्या घोडा हूँ?" म्हणत तो गेला. चौऱ्याण्णव. मग महादेवप्पा म्हणाला, "आता चंद्रव्वाला बोलवा. कशाला ते सांगू नका."

चंद्रव्वा हात पुसत आली. गोडाउनपाशी साहेब, जॉबर आणि गळ्यात घड्याळ घातलेला स्वतःचा पोरगा. तिला कुणी काही सांगितलं नाही. साहेबांनी नुसतं गेटकडं बोट केलं. "बाई, तिथपर्यंत चाला. सावकाश. काही घाई नाही."

चंद्रव्वानं त्या बोटाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मागच्याच महिन्यात ब्लो रूममधल्या, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यातल्या, दोन म्हाताऱ्यांना डॉक्टरपुढं चालवलं होतं आणि आठवड्यात घरी बसवलं होतं. तिनं पदर खोचला आणि निघाली.

"सावकाश हो बाई!" साहेब ओरडले.

ती आणखी जोरात चालू लागली. गेटला हात लावून वळली आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. धाप लागली आहे हे दिसू नये म्हणून नाकानंच श्वास घेत होती. तिघं तिच्यापाशी गेले.

"मी अजून धा वर्सं करीन साहेब," ती म्हणाली. "पायाला काय बी झालेलं न्हाय. इचारा म्हादूला."

महादेवप्पानं घड्याळ साहेबांपुढं धरलं. त्रेसष्ट सेकंद. साहेबांनी ते हातात घेतलं, कानाशी नेलं, परत बघितलं.

"धावत होती का ही?"

"न्हाय साहेब. चालत होती."

शब्बीर जॉबर, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, हळूच म्हणाला, "सब औरतां ऐसेच करते साब. मैं बीस साल से देखताऊं. मेरेकू लगा, सबीच ऐसे रहते."

साहेब केबिनकडं वळले. महादेवप्पा मागोमाग गेला. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "रिपीट करा. सगळी स्टडी. पण मी मुंबईला काय सांगू? माझ्या इंजिनिअरला नॉर्मल माणूस माहीत नाही?"

"व्हय साहेब. तसंच सांगा."

तसंच सांगितलं गेलं, आणि लेखी. महादेवप्पाचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. पत्रावर कारण होतं, 'निर्णयशक्तीत दोष'. ते पत्र त्यानं घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून डोळा शिकवायला निघाला. पंधरा दिवस तो रोज सकाळी किलोमीटरच्या दगडाला टेकून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोजायचा. मास्तर, कारकून, देवळात निघालेल्या म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं. लोक त्याला सी.आय.डी. म्हणू लागले. हळूहळू त्याला सावकाश चालणारी माणसं आजारी दिसेनाशी झाली. मग तो खात्यात गेला, आणि ह्या वेळी त्यानं चोवीस जणींना आधी खरं काय ते सांगितलं: जोरात केलं तरी तेच निघणार, हळू केलं तरी तेच, आपापल्या चालीनं करा.

"आपली चाल म्हंजे कुटली?" अक्कम्मानं विचारलं. त्यानं फळीवर कोरा कागद लावला.

आईच्या नावापुढं त्यानं एकशे अडतीस लिहिलं. खोडलं नाही. संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा चंद्रव्वा भाजी निवडत होती. तिनं आकडा नीट समजावून घेतला.

"म्हंजे मी दीड बाईचं काम करतीया?"

"दीडला थोडं कमी."

"आन ह्ये मला कुणी सांगितलं न्हाय." तिनं एक देठ मोडला, बाजूला टाकला. "ठावं असतं तर एकांद्या दिशी तरी बसले असते की रं जरा. तू ल्हान होतास तवा."

नवा आकडा आला एकवीस. सोळा नव्हे, पण चोवीसही नव्हे. त्यानं तो इकडून केला, तिकडून केला, एकवीस. आता डोळा खरा होता आणि आकडाही खरा होता, आणि खऱ्या आकड्यापुढं तीन बायका जास्त होत्या. एकवीसच्या त्या कागदाला शेवटच्या ओळीत, कमी केलेल्यांना आधी परत बोलावण्याचं, एक कलम जोडून त्यानं सही केली. शेवटी आलेल्या तिघींत पहिलं नाव अजूनही तेच होतं.

नोटीस सोमवारी लागणार होती. रविवारी दुपारी तो जगदेवीच्या घरी गेला. ती चुलीपुढं होती, दारात त्याला बघून म्हणाली, "या इंजिनेरसाहेब. आज घड्याळ न्हाय व्हय?" आणि मग त्याचा चेहरा बघून, "बस की आत."

त्यानं उंबऱ्याच्या आत बसून सगळं सांगितलं. तिनं हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला.

"पयल्यांदा आठ होत्या म्हणं. शब्बीरभाईनं अक्कम्माला सांगितलं."

"व्हय."

"त्यात बी मी होते?"

"होतीस."

"म्हंजे आठाच्या तीन झाल्या. माझं हाय तितंच हाय."

"व्हय," महादेवप्पा म्हणाला.

"आमी तुज्यासाटी हात तुटंस्तवर केलं अण्णा. चंद्रव्वाक्कानं सांगितलं म्हणून. ते उलटं आमच्याच अंगावर आलं का?"

"आलं होतं. मला कळलं न्हाय. ती माझी चूक. पण आताचा आकडा चुकीचा न्हाय जगदेवी. तो चुकीचा असता तर मला बरं वाटलं असतं."

तिनं परत गोळा उचलला, थापायला लागली. भाकरी फिरत मोठी होत गेली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"मिलमदी जागा निघाली तर?"

"पयलं बोलावणं तुला. तसं लिहून घेतलंय. साहेबाची सही हाय त्याच्यावर."

"किती दिसांनी?"

अक्कम्माच्या वयावरून तिची जागा कधी रिकामी होईल ते महादेवप्पाला माहीत होतं, मिलचा माल किती उठतोय ते माहीत होतं. अंदाज सांगता आला असता, आणि ती त्या अंदाजावर विसंबून बसली असती.

"ते मला सांगता येत न्हाय," तो म्हणाला.

"बरं," जगदेवी म्हणाली. भाकरी उलटली, चुलीच्या तोंडाशी उभी केली, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "उद्या बिडीच्या कारखान्यात इचारते. तू आता जा. माझी आई यायच्या आत जा. तिला मी सांगते."